हळदीचा पिवळा आणि आप्पांचा काळा-पांढरा फोटो

दिवाळीनंतर माझी सुपारी फुटली. एप्रिलातली तिथी निघाली, गोरज मुहूर्त, अमळनेरला हॉल मिळाला. आचारी आणि मांडववाला आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ओळखीतले, तिथे फार बोलणं झालं नाही. फोटोग्राफर शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते आनंदाने घेतलं. मी चोपड्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. फोटो मला काढता येत नाहीत, पण तो कशाने बनतो हे ठाऊक आहे. तेवढ्या भांडवलावर निघाले.

होणाऱ्या नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात फोनवर सांगून टाकलं, "आपले फोटो ब्लॅक अँड व्हाइट हवेत. सगळे." त्याचं घर शहाद्याचं, नोकरी पुण्यात. मित्राच्या लग्नाचे तसे फोटो पाहिल्यापासून ते त्याच्या मनात बसले होते. त्याने पाठवले तेव्हा मलाही आवडले. माणसं जवळची वाटतात, आजूबाजूचा पसारा मागे सरतो. आईला मात्र पटेना. "लग्नाचे फोटो काळे? शुभकार्य आहे ना ते?" आणि माय, म्हणजे आमची आजी, घरात सगळेच तिला माय म्हणतात, ती खाटेवरून म्हणाली, "हायद पिवयी नही दखायनी ते ती हायद कसानी?" हळद पिवळी दिसलीच नाही तर ती हळद कसली.

नवऱ्याला काय उत्तर द्यावं ते कळेना, आणि मायला तर त्याहून कळेना.

मायच्या लग्नाचा आमच्याकडे एकच फोटो आहे. लग्न १९६१ सालचं, खेड्यात, बैलगाडीतून वऱ्हाड गेलेलं. तिथे कोण फोटोग्राफर येणार? चार महिन्यांनी आजोबा काही कामाने अमळनेरला गेले तेव्हा मायला बरोबर नेलं आणि स्टुडिओत फोटो काढला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि जिना. आजोबा खुर्चीत, माय बाजूला उभी. फोटो काळा-पांढरा, पण त्यावर हाताने रंग भरलेले आहेत: आजोबांचा फेटा केशरी, मायचे ओठ लाल, लुगडं गुलाबी. लहानपणापासून मी तो ओसरीच्या भिंतीवर पाहत आले, आणि मायचं लग्नातलं लुगडं गुलाबी होतं हे माझ्या डोक्यात पक्कं होतं.

त्या दिवशी रंगांचा विषय निघालाच होता म्हणून मी म्हटलं, "माय, तुझं गुलाबी लुगडं किती छान दिसतं फोटोत."

"मन्हं लुगडं हिरवं व्हतं," माय म्हणाली.

मी फ्रेम खाली उतरवली, काच पुसली आणि खिडकीशी नेऊन पाहिली. कोपराशी गुलाबी रंग रेषेबाहेर जाऊन पडद्यावरच्या जिन्यावर सांडला होता. निऱ्यांच्या तळाशी बोटभर पट्टी ब्रशमधून सुटली होती आणि तिथे लुगडं अजून राखाडी होतं. साठ वर्षांहून जास्त काळ तो फोटो भिंतीवर आहे. तिला कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. त्या फोटोतला सगळ्यात खरा भाग म्हणजे ती रंग न लागलेली बोटभर पट्टी, असं मला तेव्हा वाटलं.

आई-आप्पांचा अल्बम १९९० चा. तो पूर्ण रंगीत. प्लॅस्टिक वर करून चिकट पानावर फोटो ठेवायचे, तसा. आज त्यातल्या सगळ्यांचे चेहरे तांबूस झालेत, आईचा निळा शालू जांभळट करडा दिसतो, मागची हिरवी झाडं विटकरी. हे का होतं ते मी वर्गात सांगू शकते. काळ्या-पांढऱ्या जुन्या प्रिंटमध्ये चित्र चांदीच्या कणांचं असतं. नीट धुतलेलं असेल तर ते फार टिकतं. रंगीत प्रिंटमध्ये चांदी शेवटी काढून टाकतात आणि उरतात तीन रंगद्रव्यं: निळसर, किरमिजी, पिवळं. त्या काळच्या कागदांवर अल्बममध्ये, अंधारात ठेवूनही, बऱ्याचदा निळसर रंग आधी उडायचा, मग सगळ्यावर लाली चढायची. एरवी हे मी फळ्यावर कोरडेपणाने लिहिते. आईने अल्बम मिटून "जाऊ दे" म्हटलं तेव्हा तो कोरडेपणा राहिला नाही.

कुणाकडे जायच्या आधी मी घरी एक प्रयोग केला. आईचा लाल शालू पलंगावर पसरला, त्यावर डझनभर हिरव्या बांगड्या ठेवल्या, शेजारी कुंकवाचा करंडा आणि वाटीत कालवलेली हळद. मोबाईलने फोटो काढला आणि काळा-पांढरा केला. बांगड्या नाहीशा झाल्या! दोन-चार ठिकाणी काचेवर उजेड चमकला होता तेवढंच. गडद लाल आणि गडद हिरवा यांची राखाडी छटा जवळजवळ एकच पडते. डोळ्याला ते एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे रंग वाटतात, पण उजेडाचा भाग मोजला तर दोघे शेजारी-शेजारी. हळद पांढुरकी झाली. मग ॲपमध्ये लाल रंगाची पट्टी सरकवून शालू उजळ केला, तर बांगड्या दिसायला लागल्या आणि कुंकू फिकं पडलं. म्हणजे एकाला वाचवलं की दुसरं जातं. आपल्याकडच्या नवरीच्या अंगावर जे जे अर्थाचं असतं ते रंगानेच बोलतं. हिरवा चुडा हिरवा दिसला नाही तर त्या नुसत्या बांगड्या. मायचं म्हणणं मला त्या पलंगापाशी पटलं.

हे सगळं नवऱ्याला पाठवलं. त्याने बराच वेळ उत्तर दिलं नाही, मग लिहिलं, "ठीक. पण काही तरी ठेवू या." तिथून आमचं बोलणं सगळे की काही यावरून कोणते यावर आलं.

आता फोटोग्राफर. आधी धुळ्याला एका मोठ्या स्टुडिओत गेले. वातानुकूलित खोली, भिंतीएवढा टीव्ही, चहा. दोन दिवसांचे १,४०,००० रुपये, त्यात ड्रोन, प्री-वेडिंग, टीझर, १२ बाय ३६ चे दोन अल्बम. 'क्लासिक' म्हणून काळ्या-पांढऱ्या फोटोंचं वेगळं पॅकेज होतं आणि त्यांनी दाखवलेले पंचवीस-तीस फोटो खरोखर देखणे होते. मी म्हटलं, "एका लग्नाचे सगळे फोटो दाखवा, सकाळपासून रात्रीपर्यंतचे." ही गोष्ट मला कॉलेजातल्या एका मॅडमनी शिकवली होती आणि लग्न असलेल्या प्रत्येकीला मी ती सांगते. निवडक तीस फोटो कुणाचेही चांगले असतात. शेवटी त्यांनी एक फोल्डर उघडलं. सकाळचे फोटो ठीक. स्टेजवरचे पाहिले तर नवरीचा अर्धा चेहरा जांभळा, अर्धा निळा, भटजींचं उपरणं हिरवं. डीजेवाल्याचे दिवे जसे फिरले तसे चेहरे रंगले होते. आणि नेमके तेच फोटो अल्बममध्ये काळे-पांढरे करून लावले होते. ओढवलेल्या प्रसंगात तसं करणं मी समजू शकते, पुढे आमच्यावरही ती वेळ आली. पण तिथे प्रत्येक लग्नात तेच होतं. मुहूर्ताच्या दिवशी स्वतः कोण येणार, हेही त्यांनी शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही. मोठ्या तिथीला एकेका स्टुडिओकडे तीन-तीन ऑर्डरी असतात आणि बाहेरची मुलं रोजाने बोलावतात. नाव स्टुडिओचं, हात दुसऱ्याचा.

दुसरे अमळनेरचे काका. आमच्या नात्यातली निम्मी लग्नं त्यांनीच काढलीत. दुकानात मागे अजून जुन्या डार्करूमची खोली आहे, आता तिथे अल्बमची खोकी रचलेली. मी कॉलेजात हायपोचं टायट्रेशन शिकवते म्हटल्यावर ते एकदम मोकळे झाले. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, फोटो पक्का करायला त्यांनी आयुष्यभर बादलीने वापरलेला. "प्रिंट धुण्यात कंजूषी केली की दहा वर्षांत पिवळी पडणार. उन्हाळ्यात पाण्याची ओढ, टँकर यायचे, तेव्हाच्या प्रिंट बघ, सगळ्या डागाळल्या." मी त्यांना मायच्या फोटोचं विचारलं. त्यांचे वडीलही रंग भरायचे. काडीला कापूस गुंडाळून गालावर लाली द्यायची, कपड्याला पातळ ब्रश. "गिऱ्हाईक फोटो काढून गावाला गेलेलं असायचं. लुगड्याचा रंग कुणाला आठवणार? जो खुलून दिसेल तो भरायचा." हे सांगताना त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. काम तसंच चालायचं.

काका दोन दिवसांचे ४५,००० म्हणाले. पण गुडघ्यांमुळे आता ते फक्त स्टेजपाशी स्टुलावर बसून काढतात, हळदीला मुलं पाठवतात, हे त्यांनी आपणहून सांगितलं. आणि त्यांचा फ्लॅश समोरून थेट पडतो, चेहरे सपाट येतात. तरी आहेर, नातेवाइकांचे ग्रुप, कोण आलं कोण नाही याची नोंद हे काम त्यांच्याइतकं कुणी करणार नाही. आमच्याकडे लग्नानंतर अल्बम उघडला की पहिल्यांदा तेच शोधतात.

तिसऱ्याचा पत्ता एका विद्यार्थिनीने दिला. भुसावळचा मुलगा, तिशीचा, वडील रेल्वेत. मी रविवारी चोपड्याहून एसटीने यावलमार्गे गेले, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, डोक्यात पलंगावरच्या त्या बांगड्या. दुकान असं नव्हतंच. क्वार्टरमधली एक खोली, टेबलावर लॅपटॉप, भिंतीवर त्याच्या आईचा एक काळा-पांढरा फोटो, चुलीपुढे बसलेली. मी न विचारता त्याने एक लग्न पूर्ण दाखवलं, फसलेले फोटोसुद्धा. "ताई, हे माझं चुकलं, इथे उशीर झाला," असं दोनदा म्हणाला. त्याच्यावर माझा विश्वास तिथेच बसला.

मी आमचा वाद सांगितला. तो म्हणाला, "तुम्ही आत्ता काहीच ठरवू नका. मी सगळं रंगीतच ठेवणार." मग कॅमेरा काढून दाखवला. तो रॉ फाइलमध्ये काढतो. त्यात सेन्सरवर आलेला रंग सगळा राहतो. पण कॅमेऱ्याचा मागचा पडदा मात्र तो कधीकधी काळ्या-पांढऱ्यावर लावून ठेवतो, म्हणजे काढताना त्याला उजेड आणि आकार तेवढे दिसतात, भडक साड्यांनी नजर भरकटत नाही. फाइलमध्ये रंग शाबूत. नुसत्या जेपेगमध्ये कॅमेऱ्यातच काळा-पांढरा काढला तर रंग गेला तो गेला. रंगीताचा काळा-पांढरा दहा वर्षांनी पण होतो, उलट होत नाही. आम्ही याला अपरिवर्तनीय अभिक्रिया म्हणतो, मी म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, "मग तुम्हाला गिलसाहेबाची गोष्ट माहीत असेल."

मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्याचा, हे मला माहीत होतं. तो भुसावळात पुरला आहे हे माहीत नव्हतं. १८४४ साली कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं तिथे राहून त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात त्या उतरवल्या आणि विलायतेला पाठवल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागून बहुतेक सगळ्या जळाल्या. त्याने लेण्यांचे फोटोही काढले होते, त्यांचं पुस्तक १८६४ मध्ये निघालं. ते उरले. १८७९ मध्ये तो वारला आणि भुसावळच्या युरोपियन दफनभूमीत त्याला पुरलं.

"फोटोत खांब दिसतात, दगड दिसतो, उजेड दिसतो," तो म्हणाला. "पण ज्याच्यासाठी साहेब एवढी वर्षं राहिला तो रंग त्याच्यात नाही. म्हणून मी रंग आधी जपतो, ताई. मग बाकीचं."

त्याचे दोन माणसांचे, ड्रोनशिवाय, ६८,००० ठरले. काकांना स्टेजवरच्या ग्रुपचे आणि आहेराचे २०,००० वेगळे. आप्पांनी दोघांना विसार दिला. दोन फोटोग्राफर म्हणजे भांडणाला आमंत्रण असं मामा म्हणाले, म्हणून मी दोघांना एकदा समोरासमोर बसवलं आणि कोण कुठे उभं राहणार ते ठरवलं. कागदावर लिहून घेतलेल्या गोष्टी: मुहूर्ताला तो स्वतः हवा, कॅमेऱ्यात एका वेळी दोन कार्डांवर फोटो साठले पाहिजेत, रात्री घरी जायच्या आधी हार्ड डिस्कवर प्रत, आणि रॉ फाइली आम्हाला मिळाल्या पाहिजेत. शेवटच्या गोष्टीला बरेच जण नाही म्हणतात. तो तयार झाला.

लग्नाच्या आठवडाभर आधी त्याचा फोन आला. "हळदीला मांडवाचं कापड कोणतं?" आम्ही विचारच केला नव्हता. आपल्याकडे लाल-पिवळ्या पट्ट्यांचं कापड असतं. खानदेशातलं एप्रिलचं ऊन त्यातून खाली उतरलं की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर नारिंगी झाक येते, एकीचा गाल लाल, दुसरीचा पिवळा, आणि ते नंतर दुरुस्त करायला गेलं की हळदीचा रंगच बिघडतो. आप्पांनी त्याच संध्याकाळी मांडववाल्याला गाठून पांढरं कापड घ्यायला लावलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, पांढरा मांडव बरा दिसत नाही. आईने भोवती आंब्याचे डहाळे आणि झेंडूच्या माळा इतक्या बांधल्या की पुढे कुणी काही बोललं नाही. आणि हळद नऊच्या आत आटोपायची असंही त्याने सांगितलं. दहानंतर अंगणात उभं राहवत नाही हे तर खरंच, पण उन्हाच्या कडक सावल्या डोळ्यांच्या खोबणीत पडतात हे मला तेव्हा कळलं.

लग्नाचे ते दोन दिवस मी आतून पाहिले. अंतरपाटाच्या या बाजूला उभं असताना कापडाची वीण दिसते, अक्षता पडतात, मामाचा हात कोपरावर असतो. बाकी काय चाललंय ते मला फोटोतूनच कळणार होतं. एवढं आठवतं की काकांनी कबूल केल्याप्रमाणे मंगलाष्टकं सुरू होताच व्हिडिओचा मोठा दिवा बंद करवला आणि एकदम गार वाटलं. स्टेजचे दिवे साधे पिवळसर ठेवायचे असंही हॉलमध्ये सांगून ठेवलं होतं. मुहूर्ताला ते पाळलं गेलं. त्याआधी मी मांडवात शिरताना मात्र डीजेवाल्याने उत्साहाने जांभळे दिवे सोडलेच.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघे भुसावळला जाऊन फोटो निवडायला बसलो. तीन हजारांवर फोटो. नवऱ्याला हळदीचा एक फोटो काळ्या-पांढऱ्यात पाहायचाच होता: माय दोन्ही हातांनी माझे गाल धरून हळद लावतेय, तिच्या मनगटावरचं गोंदण दिसतंय. चेहऱ्यांसाठी तो काळा-पांढरा हवा असं मलाही वाटत होतं. फोटोग्राफरने करून दाखवला. माझ्या गालांवर पांढुरकं काहीतरी फासलेलं. पिवळ्याची पट्टी खाली ओढली तर हळद गडद झाली, आणि तिच्याबरोबर दोघींची कातडीही चिखलासारखी. मोबाईलवर तो घरी आणून मायला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "हाई काय व? हायद शे का राख शे?" मग मी रंगीत दाखवला. पांढऱ्या मांडवातून आलेला मऊ उजेड, तिची पोपटी साडी, आणि तिच्या नखांच्या कडेत बसलेला तो पिवळा. ती काही बोलली नाही, मोबाईल हातातच धरून बसली.

त्यानंतर आमचं पटापट ठरत गेलं. हळद, चुडा भरणं, कुंकू, सप्तपदी, पंगतीतली वरण-बट्टी हे सगळं रंगीत. जांभळ्या दिव्यांतल्या फोटोंतले एकोणीस काळे-पांढरे, दुसरा इलाज नव्हता. पण त्यातही एक आत्या माझा पदर सावरताना अशी आलीय की रंगाची आठवण होत नाही. आणि बारा फोटो असे की ते आम्ही मनापासून काळे-पांढरे निवडले. अल्बममध्ये एका पानावर दोन्ही मिसळायचे नाहीत हे फोटोग्राफरने सांगितलं. रंगीताशेजारी काळा-पांढरा ठेवला की तो रंग उडाल्यासारखा दिसतो. त्याला वेगळं पान, जमलं तर भोवती मोकळी जागा.

त्या बारांपैकी एक आप्पांचा. वेळ पाचची असावी. वऱ्हाड आलेलं, हॉलच्या मागे भटारखान्याच्या दाराशी आप्पा पिठाच्या पोत्यावर बसलेत. फेटा काढून गुडघ्यावर ठेवलाय, कपाळावर त्याचा वळ उमटलाय. वरच्या झरोक्यातून उजेड येतोय. त्यांना कुणी पाहतंय हे माहीत नाही. रंगीत फोटोत मागे निळाभोर पाण्याचा ड्रम, नारिंगी खुर्च्यांची उतरंड, हिरवी जाळी, आणि पहिली नजर ड्रमवर जाते. फोटोग्राफरने रंग काढला आणि ड्रम, खुर्च्या, जाळी सगळं एका करड्यात मिसळलं. राहिले आप्पा, तो वळ आणि दाराकडे लागलेले डोळे. मी त्या दिवशी दहा-बारा वेळा तरी त्यांच्यासमोरून गेले असेन. हा चेहरा मला दिसला नव्हता.

छपाईत एक फटका बसला, तो सांगते म्हणजे दुसऱ्या कुणाचे पैसे वाचतील. बारा फोटो एका लॅबमध्ये छापायला दिले तर सगळ्यांवर हिरवट झाक आली. आप्पांचे केस शेवाळल्यासारखे. कारण नेहमीच्या लॅबमध्ये काळा-पांढरा फोटोही रंगीत कागदावरच छापतात. तिथे चांदी नाहीच. तीन रंगद्रव्यं बरोबर प्रमाणात मिळाली तर राखाडी दिसतं, एक जरा वरचढ झालं की फोटोवर त्याची छटा. मी हे रोज शिकवते आणि तरी आधी नमुना मागितला नाही. दुसऱ्यांदा छापले तर गुलाबी. शेवटी फोटोग्राफरने नाशिकला सुती कागदावर, काळ्या आणि करड्या वेगवेगळ्या शाया असलेल्या मशीनवर काढून आणले. आधी एकच, हातात घेऊन दुपारच्या उजेडात दारात उभं राहून पाहिला, मग बाकीचे सांगितले. एकाला साडेसहाशे पडले. रंगीत अल्बमचं लॅबने चांगलं केलं, त्यात तक्रार नाही. रॉ फाइली दोन डिस्कवर आहेत, एक इथे, एक शहाद्याला.

श्रावणात कानबाईच्या रोटांना, आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, सगळी भावकी घरी जमली तेव्हा अल्बम आणि फ्रेमा दोन्ही आले होते. अल्बम या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होता, कुणाची साडी कुठली, कोण जाड झालं, कोण आलंच नाही. माय भिंतीला टेकून बसलेली. मी तिच्या हातात आप्पांचा फोटो दिला. ती आता रंगाचं विचारेल म्हणून मी तयारीत होते. सदरा पांढरा होता, फेटा केशरी, ड्रम निळा.

मायने काचेवरून आप्पांच्या कपाळावरच्या वळावर बोट फिरवलं.

"जेवना व्हता का व तो?"

मला माहीत नव्हतं. मी आईकडे पाहिलं.

"रात्री साडेअकराला," आई म्हणाली.